चार क्लिक डावे

हा किस्सा मी आजवर निदान पन्नास वेळा सांगितला असेल, आणि दर वेळी लोक पोट धरून हसले. आता हसवायचं नाही आहे. नीट सांगायचं आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो. बंदुकीतलं तुम्हाला काही कळत नसलं तरी चालेल. मलाही फार कळत होतं अशातला भाग नाही. पण मी उस्ताद म्हणून मिरवायचो, आणि तिथंच ग्यानबाची मेख आहे.

मी मूळचा वर्ध्याकडचा. नोकरीनं रायपुरात आणलं, सरकारी कचेरीत बाबू झालो, लग्न झालं, एक मुलगी झाली आणि इथलाच होऊन गेलो. कॉलेजात एनसीसीत होतो. एका कॅम्पात माझा नेम बरा लागला आणि सगळ्यांत चांगल्या नेमबाजाचा म्हणून पितळेचा कप मिळाला. एकच कप. त्यानंतर मी बंदूक हातात घेतली नाही, पण त्या कपावर पंचवीस वर्षं फुशारकी मारली. घरी पाहुणा आला की मी तो कप पुसायला घ्यायचो, म्हणजे पाहुण्याला विचारावंच लागे. बायको म्हणायची, "पुसून पुसून भोक पाडसान त्याले एक दिवस."

पोरगी आठवीत असताना तिनं विचारलं की पापा, ये सच में आपको मिला था? त्या ‘सच में’चा मला राग आला. दुसऱ्याच रविवारी तिला स्कूटरवर बसवून शहराबाहेरच्या रायफल क्लबात घेऊन गेलो. क्लब म्हणजे काय, तर टिनाचा एक लांबलचक शेड. एका टोकाला उभं राहायची जागा, दहा मीटरवर लाकडी फळ्या, मागे रेतीची पोती. क्लबाच्या तीन जुन्या एअर रायफली होत्या, त्या सगळ्यांनी वाटून वापरायच्या. तिथले उस्ताद एक रिटायर सुभेदार होते, इथलेच, छत्तीसगडी. बोलणं कमी. काही पटलं तर "हव" म्हणायचे, नाही पटलं तरी "हव"च म्हणायचे, फक्त जरा उशिरानं.

नवशिक्यानं साइट कशी लावायची ते मीच तिला शिकवलं. सुभेदारांनी शिकवलं असतं तर बरं झालं असतं, पण मला हौस. रायफलीच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्याला पीप म्हणतात. पुढे नळीच्या टोकाला एक कडं असतं. भोकातून कडं बघायचं, कड्यात कागदावरचा काळा ठिपका बघायचा, तिन्ही एकात एक बसले की श्वास धरून घोडा दाबायचा. पीपला दोन बटणं असतात. वरचं फिरवलं की गोळी वर-खाली सरकते, बाजूचं फिरवलं की डावी-उजवीकडे. फिरवताना टिक टिक वाजतं, त्या एका टिकीला क्लिक म्हणतात. इतकंच आहे सगळं शास्त्र.

पण नवशिक्या काय करतो? पहिली गोळी उजवीकडे गेली की लगेच बटण डावीकडे. दुसरी खाली गेली की लगेच वर. अशानं संध्याकाळपर्यंत तो गोळीच्या मागे मागे फिरतो आणि रायफलीचा पार बट्ट्याबोळ होतो. म्हणून मी तिला पहिला नियम सांगितला होता की बटणाला हातच लावायचा नाही. आधी पाच गोळ्या एकाच पद्धतीनं मारायच्या, मग कागद बघायचा. गोळ्या पसरल्या असतील तर चूक तुझी आहे, बटणाची नाही. पाचही एका जागी बसल्या असतील आणि ती जागा चुकीची असेल, तर तू बरोबर आहेस, चूक साइटची आहे. मग खुशाल बटण फिरव.

तिला हा नियम फार आवडला. परीक्षेत मार्क कमी पडले तरी म्हणायची, "पापा, ग्रुप देखो, सब्जेक्ट मत देखो." हुशार पोट्टी. सहा महिन्यांत तिच्या पाच गोळ्या एका चार आण्याच्या नाण्याखाली झाकल्या जायला लागल्या. मी माझा कप पुसणं बंद केलं.

मी मागे दुर्बीण घेऊन उभा राहायचो, कारण दहा मीटरवरचं काळ्यातलं भोक नुसत्या डोळ्यानं दिसत नाही आणि क्लबाची दुर्बीण एकच होती. गोळी कुठे बसली ते मी तिला घड्याळानं सांगायचो. वर असेल तर बारा, उजवीकडे असेल तर तीन, खाली सहा, डावीकडे नऊ. "तीन बजे, चार क्लिक," एवढंच म्हणायचं. पुढचं तिला कळायचं की गोळी तीनकडे जाते आहे म्हणजे बटण नऊकडे फिरवायचं. ही आमची भाषा होती. हिंदी म्हणा, नाहीतर घड्याळाची म्हणा. चार वर्षं तिनं कधी गोंधळ केला नाही.

घरात तिची आई तिच्याशी वऱ्हाडीत बोलायची, मीही वऱ्हाडीत बोलायचो, आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्या मराठी घरांत हेच. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, दुकानदार हिंदी, देव तेवढा मराठी. आई म्हणे, "काहून वं, जेवून नाही राहिली?" पोरगी म्हणे, "भूख नहीं है ना, मम्मी." त्यात कोणाला काही खटकत नव्हतं. मलाही खटकत नव्हतं, वकीलसाहेब भेटेपर्यंत.

वकीलसाहेब म्हणजे आमच्या मराठी मंडळातलं बडं प्रस्थ. चौबे कॉलोनीत मोठं घर. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात इथं आलेलं, आणि ही गोष्ट ते पाचव्या मिनिटाच्या आत सांगायचेच. मराठी अशी बोलायचे की जणू कालच पुण्याहून उतरलेत. आम्ही नोकरीनिमित्त विदर्भातून आलेले लोक त्यांच्या हिशेबी उपरे. मी एकदा बोलता बोलता "मले" म्हणालो, तर त्यांनी चारचौघांत हसून "मला" अशी दुरुस्ती केली. दुसऱ्यांदा उजव्या हाताला आमच्याकडे म्हणतात तसं "जेवणा हात" म्हणालो, तर म्हणाले, "अहो, हात जेवत नसतो, माणूस जेवतो." सगळे हसले. मीही हसलो. मी त्यांच्यापुढे नेहमीच हसायचो, याचा मला आज जितका संताप येतो तितका त्यांचा येत नाही.

त्याच सुमारास छत्तीसगड वेगळं राज्य झालं. रायपूर राजधानी झालं. एका महिन्यात पाट्या बदलल्या, गाड्यांवर लाल दिवे आले, पंडरीच्या कापडवाल्यांपासून गल्लीतल्या शिंप्यापर्यंत सगळ्यांनी दुकानाच्या नावापुढे ‘राजधानी’ जोडलं. आमच्या कचेरीत कोण इकडे राहणार आणि कोण भोपाळला जाणार यावर लोक एकमेकांशी बोलेनासे झाले. पण आमच्या घरात वेगळाच आनंद होता. आजवर टीम म्हणजे भोपाळ नाहीतर इंदूरची पोरं. रायपूरच्या पोरीनं तिकडे जावं, रांगेत शेवटी उभं राहावं आणि परत यावं. आता आपलं राज्य, आपली टीम. राष्ट्रीय स्पर्धेला तीन मुली जाणार होत्या, आणि क्लबात सगळे म्हणून राहिले होते की त्यांतली एक जागा हिचीच. ती तेव्हा बीएससीच्या पहिल्या वर्षाला होती.

निवड चाचणीच्या आधीच्या आठवड्यात ती आईला म्हणाली, "मम्मी, टीम तो हर साल बनेगी. पहली टीम एक ही बार बनती है." हे वाक्य मी बाजूच्या खोलीतून ऐकलं. पोरीला काय पाहिजे होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, एवढ्यासाठी हे सांगतो. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

चाचणीच्या थोडं आधी मंडळाचं हळदीकुंकू होतं. वकीलसाहेब दारात उभे. पोरीला त्यांनी विचारलं, "काय शिकतेस तू?" ती म्हणाली, "जी अंकल, बीएससी फर्स्ट ईयर." त्यांनी तिच्याकडे बघणं सोडलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मुलीला मराठी येत नाही वाटतं. तुमच्या घरात तर तुमच्याबरोबरच संपणार हे." वर पुन्हा माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येईपर्यंत मी पोरीशी बोललो नाही. त्यांना काही बोलायची हिंमत नव्हती, मग पोरीवर राग. वड्याचं तेल वांग्यावर काढायची आमची जुनी सवय.

चाचणीचा दिवस उजाडला. थंडीचे दिवस, कोवळं ऊन. शेडमध्ये शंभरेक माणसं. नव्या राज्याची नवी संघटना, तिचे नवे पदाधिकारी, सगळ्यांच्या छातीवर बिल्ले. आणि त्यांत, बघतो तर, वकीलसाहेब. त्यांना संघटनेनं सल्लागार करून घेतलं होतं. मला बघून ते खुर्ची सोडून थेट आमच्या मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "अरे, तुमची मुलगी आहे का? बघू या तर."

नियम असा होता की आधी वीस मिनिटं साइट लावायला, तेवढ्या वेळात मागून बोललं तर चालेल. मग शिटी. शिटीनंतर दहा-दहा गोळ्यांच्या चार फेऱ्या, आणि तेव्हा कोणी अवाक्षर काढायचं नाही. कागद फळीवर गोंदानं चिकटवलेले. दहा गोळ्या झाल्या की सगळ्यांनी मिळून फळीपर्यंत चालत जायचं आणि कागद बदलायचा. म्हणजे फेरी सुरू झाल्यावर आपली गोळी कुठे बसते आहे हे पोरींना दिसणार नव्हतं. जे काय दिसायचं ते आधीच्या वीस मिनिटांत, आणि तेही माझ्या दुर्बिणीतून.

क्लबाची रायफल आदल्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी आपल्या डोळ्याला लावून ठेवलेली होती. बटणावरचे बाण झिजून गेलेले. पण हिला हाताला सवय होती, कुठल्या बाजूला फिरवलं की काय होतं ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिनं कानात कापूस घातला, उभी राहिली आणि नियमाप्रमाणे पाच गोळ्या मारल्या. मी दुर्बिणीतून बघितलं. पाचही एका जागी, ठिपक्याच्या उजवीकडे. उत्तम. तोंडात "तीन बजे" हे शब्द आलेच होते.

पण मागे वकीलसाहेब होते. मला वाटलं, आता दाखवतोच. आमच्या घरात मराठी संपलेली नाही, रायफल चालवतानासुद्धा आमची पोट्टी मराठी ऐकते, हे यांच्या कानावर पडू दे. मी चांगला आवाज लावून म्हणालो, "चार क्लिक डावे घे."

आता बघा गंमत. मराठीत डावा म्हणजे ज्या बाजूला हृदय असतं ती बाजू. हिंदीत दायाँ म्हणजे बरोबर उलटी, जेवायच्या हाताची बाजू. ‘डावे’ आणि ‘दाएँ’. कानात कापूस असला, आणि बाप चार वर्षांत रेंजवर कधी मराठीत बोललेला नसला, तर ऐकणाऱ्यानं काय ऐकावं? नागपुरात ही चूक होणार नाही, तिथं ‘डावे’ म्हणजे डावेच. भोपाळात होणार नाही, तिथं ‘डावे’ कोणी म्हणतच नाही. ही चूक फक्त आमच्याच घरात होऊ शकत होती.

तिनं बटण उजवीकडे फिरवलं. पुन्हा पाच गोळ्या. वकीलसाहेब मला त्यांच्या पुण्याच्या पुतण्याचं काहीतरी सांगत होते. मी एक डोळा दुर्बिणीला लावला, एक कान त्यांना. गोळ्या अजून उजवीकडे. मला वाटलं, घाबरून पुरतं फिरवलं नसेल. म्हणालो, "अजून डावे. चांगले आठ घे." मग पुतण्याला कुठली नोकरी लागली ते विचारलं. शिटी झाली.

पहिल्या दहा गोळ्या तिनं मारल्या. तेव्हा मी दुर्बिणीतून नीट बघितलं. पण आता बोलता येत नव्हतं. एकामागून एक भोक तिथंच, उजव्या टोकाला, आणि पोरगी शांतपणे, काहीही न कळता, पुढची गोळी भरते आहे. दहा गोळ्या होईस्तोवर मी तिथं उभा होतो. त्या वेळात मला सगळं कळलं होतं. ‘दाएँ’ हा शब्द माझ्या डोक्यात वाजला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

सगळे फळीकडे गेले. तिनं आपला कागद उपटला आणि ती तशीच उभी राहिली. दहाही गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा, पण नाणं भलत्याच जागी. असा ग्रुप त्या दिवशी शेडमध्ये दुसऱ्या कोणाचाच नव्हता. तिनं बटण स्वतः फिरवलं, पुढच्या तिन्ही फेऱ्या सुरेख मारल्या, आणि शेवटी थोडक्यात चौथी आली. तिसरी नाही, चौथी.

सुभेदार तिचा पहिला कागद हातात घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "बाबूजी, ये हाथ की गलती नहीं है. साइट की है. आपने इसको क्या बोला था?" मी दुर्बिणीची काच पुसायला लागलो. ते म्हणाले, "दोपहर को एक डिटेल और है, दो लड़कियाँ देर से आई हैं, उनकी बारी लगेगी. आप दो लाइन लिख के दे दो कि कोच ने गलत बता दिया. मैं साहब लोगों से बात कर लेता हूँ, फिर से बिठा देंगे." पोरगी बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, "पापा, आपने दाएँ बोला था." रडत नव्हती. नुसतं सांगत होती.

दोन ओळी. बाबू माणूस मी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका कागदावर लिहून वर पाठवल्या. पेन खिशात होतं. पण काय लिहायचं? की मी मराठीत बोललो आणि माझ्या पोरीला ते हिंदी वाटलं? आणि वकीलसाहेब चार पावलांवर, कान टवकारून. त्यांचं ते "संपणार हे" खरं झालं असं मीच लिहून द्यायचं, तेही सहीनिशी.

मी म्हणालो, "मैंने सही बोला था. इसने उल्टा घुमाया." वर वकीलसाहेबांकडे बघून मराठीत म्हणालो, "घाबरली हो पोट्टी. डावं-उजवं विसरली."

वकीलसाहेब म्हणाले, "चालायचंच." सुभेदारांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हव." त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या हातात न देता तिच्या हातात दिली.

स्कूटरवर घरी येताना ती मागे बसली होती, पण मला धरलं नव्हतं. सदर बाजारात गर्दीत गाडी अडली, तिथं मी मान वळवून म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू." ती म्हणाली, "जी." ‘हाँ पापा’ नाही, ‘जी’. मंडळातल्या अंकलना देतात तसं.

बायकोला संध्याकाळी सगळं कळलं. ती माझ्यावर कधी ओरडली नाही, त्या दिवशीही नाही. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "लिहून देल्लं असतं त हात झडला असता का तुमचा?" मी म्हणालो, "तुले काय समजते त्यातलं?" ती म्हणाली, "मले बंदुकीतलं नाही समजत. पोरीतलं समजते." मग आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

पोरगी पुढच्या वर्षी गेली नाही. क्लबात जाणं आधी कमी झालं, मग अभ्यास आहे म्हणून बंद झालं. मी दोनदा म्हटलं, आग्रह नाही केला. खरं सांगायचं तर सुटलो असं वाटलं, कारण सुभेदारांच्या समोर उभं राहायची लाज वाटायची. ती शिकली, बँकेत लागली, बिलासपूरला गेली. लग्न झालं. माणूस चांगला मिळाला. पहिली टीम झाली, दुसरी झाली, दहावी झाली. पेपरात फोटो यायचे. मी पान उलटायचो.

आणि मग, कोण जाणे कसं, त्या दिवसाचा किस्सा झाला. पहिल्यांदा मी तो कचेरीतल्या एका निरोप समारंभात सांगितला. पोट्टीची हिंदी, बापाची मराठी, डावे आणि दाएँ. लोक हसले. मला बरं वाटलं. मग मंडळात सांगितला, कोजागिरीला सांगितला, लग्नाच्या पंगतीत सांगितला. हळूहळू त्यात रंग भरला. गोळी रेतीच्या पोत्यात गेली, सुभेदार दचकले, असलं न घडलेलंही घातलं. वकीलसाहेब स्वतः फर्माईश करायचे, "तो डाव्या-उजव्याचा सांगा हो." शेवटी शेवटी त्यांना ऐकू येत नव्हतं, तरी सगळे हसले की तेही हसायचे. त्या किश्श्यात चूक कोणाचीच नव्हती. दोन भाषांची होती. इतका सोयीचा गुन्हेगार मला शोधूनही सापडला नसता. त्यात ते दोन ओळींचं कधीच येत नव्हतं. आता वकीलसाहेब नाहीत, सुभेदारही नाहीत, आणि मला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली.

गेल्या डिसेंबरात नात्यातल्या एका लग्नाला ती आली होती. दुपारी जेवणं झाल्यावर कोणीतरी म्हणालं, काका, तो किस्सा सांगा. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "सुनाओ ना पापा." मी सांगितला. सगळे हसले, तीही हसली. पण सांगता सांगता, बाप दुर्बिणीतून बघतो आहे आणि बोलता येत नाही, या ठिकाणी मी थांबलो आणि तोंडाला रुमाल लावला. ठसका लागला असं लोकांना वाटलं, कोणी पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं घराच्या मागच्या अंगणात उन्हात बसलो होतो. ती मटार सोलत होती. बायको देवळात गेली होती. मी म्हणालो, "त्या दिवशी चूक माही होती. तुही नाही. मी डावे म्हणायलेच नाही पाहिजे होतं. तुले दाएँ ऐकू आलं, त्यात तुहा काय दोष? मी लिहून द्यायले पाहिजे होतं." इतकं एका दमात बोललो. चोवीस वर्षं लागली.

तिचा हात थांबला नाही. शेंग फोडून दाणे वाटीत टाकत ती म्हणाली, "पापा, डावे मतलब मुझे बचपन से मालूम है. मम्मी दिन भर बोलती है घर में. आपने पहली बार बोला, तभी मुझे लगा कि मराठी वाला होगा."

मी म्हणालो, "मंग? मंग उलटं काहून फिरवलं?"

"पक्का नहीं था ना. रेंज पे आप मराठी कभी बोलते नहीं थे. पूछने के लिए मैंने पलट के देखा. दो बार देखा. एक बार तो हाथ भी उठाया. आप अंकल से बात कर रहे थे." तिनं दुसरी शेंग घेतली. "टाइम जा रहा था. तो फिर मैंने सोचा, पापा हैं, हिंदी ही बोले होंगे."

मी विचारलं, हे इतकी वर्षं मले काहून नाही सांगितलं. ती जराशी हसली. काल पंगतीत हसली होती तशीच.

"आप किस्सा इतने अच्छे से सुनाते थे," ती म्हणाली आणि वाटी उचलून आत गेली. सालं तिथंच पडली होती, ती मी गोळा केली.